मारला नाही, तरी टाळ्या कशाला?

गेल्या मे महिन्यात लेकीकडे अमेरिकेत एडिसनला होतो. संध्याकाळी जावयाने मेट्स या बेसबॉल टीमची मॅच लावली. ह्वान सोतो नावाचा बॅटर उभा होता. त्याला सहा चेंडू पडले. त्याने बॅट फिरवली एकदाच, आणि तो चेंडूही फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेला. सहावा चेंडू गुडघ्याच्या खालून, किंचित बाहेरून गेला. सोतोने तो कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत मान खाली घालून निरखून पाहिला, बॅट बाजूला टाकली आणि फिरायला निघाल्यासारखा पहिल्या बेसकडे चालू लागला. सोफ्यावर जावयाने टाळी वाजवली.

मी म्हटलं, "यात टाळी कसली? त्याने तर काहीच मारलं नाही."

"बाबा, बेसवर गेला ना!"

या "काहीच न मारणाऱ्या" माणसाशी मेट्सने डिसेंबर २०२४ मध्ये १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला आहे. आकडा ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. पुढचा महिनाभर जावयाचं डोकं खाऊन जे कळलं, ते इथे मांडतो आहे. निमित्तंही आहेत. एक तर स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर कॅमेऱ्याकडे दाद मागण्याची सोय २०२६ च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, आणायचं ठरलं. दुसरं, लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही असणार आहेत, आणि तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला तो आपल्या मुंबईत. क्रिकेटसाठी टीव्ही लावाल तेव्हा बाजूच्या चॅनेलवर हाही खेळ दिसेल.

आधी जुजबी ओळख

मैदानात पहिला, दुसरा, तिसरा असे बेस, म्हणजे थांबे असतात. ते ओलांडून बॅटर जिथून निघाला तिथे, घरी, परतला की एक धाव. पिचर साधारण साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो. आपल्या बावीस यार्डांपेक्षा थोडं कमीच अंतर, आणि टप्पा नाही. बॅटरसमोर जमिनीत एक पांढरी प्लेट असते, १७ इंच रुंद. या प्लेटच्या वर, गुडघ्यापासून छातीच्या आसपासपर्यंत हवेत एक अदृश्य खिडकी आहे असं समजा. तिचं नाव स्ट्राइक झोन. चेंडू खिडकीतून गेला आणि बॅटरने सोडला, किंवा कुठलाही चेंडू मारायला जाऊन हुकला, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की आउट. चेंडू खिडकीबाहेरून गेला आणि बॅटरने सोडला, तर तो "बॉल". असे चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला म्हणतात वॉक. आपला वाइडच म्हणा ना, फक्त चार साठवल्यावर वटणारा.

ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू प्लेटपर्यंत पोचायला सेकंदाचे जेमतेम चार दशांश लागतात. मारायचं की सोडायचं हे त्याच्याही निम्म्या वेळात ठरवावं लागतं. सोतोचं ते निवांत चालत जाणं पाहून हे ध्यानात येत नाही.

आता दोन आकडे. चेंडू मारून बॅटर सुखरूप बेसवर पोचला तर ती हिट. प्रयत्नांमागे किती हिट, हे म्हणजे बॅटिंग ॲव्हरेज. दर हजारी तीनशे असेल तर .३०० लिहितात, आणि तो उत्तम मानतात. गंमत अशी की या हिशेबात वॉक धरतच नाहीत. मिळवला म्हणून वर नाही, प्रयत्न म्हणून खालीही नाही. जणू तो गडी बॅटिंगला आलाच नव्हता. दुसरा आकडा ऑन-बेस परसेंटेज, पुढे त्याला ओबीपी म्हणू. बॅटर जितक्या वेळा आला, त्यातल्या किती वेळा हिट मारून, वॉक घेऊन किंवा अंगावर चेंडू खाऊन बेसवर पोचला, एवढंच तो विचारतो.

एक गडी दहा वेळा आला, तीन हिट मारल्या, सात वेळा आउट. ॲव्हरेज .३००, ओबीपीही .३००. दुसरा दहा वेळा आला, दोन हिट, तीन वॉक, पाच वेळा आउट. त्याचं ॲव्हरेज सातात दोन, म्हणजे .२८६. ओबीपी मात्र .५००. वर्तमानपत्रात जुन्या पद्धतीने छापलं तर पहिला वरचढ. टीमसाठी मात्र दुसऱ्याने दोनदा जास्त जीव वाचवला.

वॉक हिशेबातून गळला कसा?

इथे आपल्या ओळखीचा धागा सापडतो. बेसबॉलच्या आकडेमोडीचा जनक मानला जाणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडमधल्या एक्झिटरचा. जन्म १८२४ चा. लहानपणीच ब्रुकलिनला आला, क्रिकेटचा वार्ताहर झाला आणि मग बेसबॉलच्या प्रेमात पडला. स्कोअरकार्ड मांडायच्या सवयी त्याने क्रिकेटमधूनच नेल्या. क्रिकेटमध्ये वाइड कोणाच्या नावावर जातो? एक्स्ट्राच्या. बॅट्समनला त्याचं श्रेय नाही, ती बोलरची चूक. चॅडविकही वॉककडे तसंच बघायचा: पिचर चुकला, बॅटरने काय केलं?

१८८७ या एका मोसमात मात्र उलटं करून बघितलं. वॉकही हिट म्हणून मोजला. सेंट लुईसच्या टिप ओनीलचं ॲव्हरेज .४९२ वर गेलं, इतरांचेही आकडे असे फुगले की पुढच्याच वर्षी जुना नियम परत आला. (ओनीलचा आकडा नंतर .४३५ असा दुरुस्त झाला.) मला यात एक चूक दिसते. वॉक म्हणजे हिट नव्हे, हे बरोबरच. पण म्हणून तो शून्य कसा? हिटच्या रकान्यात बसत नाही म्हणून तो रद्दीत टाकला, आणि पुढची शंभर वर्षं माणसं तोच रकाना बघून खेळाडू विकत घेत राहिली. ब्रँच रिकीने ब्रुकलिन डॉजर्स ही टीम चालवताना ॲलन रॉथ नावाच्या आकडेबहाद्दराला पदरी ठेवलं होतं, आणि १९५४ मध्येच त्याने सांगितलं होतं की बेसवर पोचणं हेच खरं. पण ओबीपी अधिकृत आकडा व्हायला १९८४ उजाडावं लागलं.

सत्तावीस नाण्यांची पुरचुंडी

हा मुद्दा समजला की बाकीचं आपोआप सुटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

वनडेत पन्नास ओव्हर असतात. चेंडू संपत जातात, म्हणून नुसतं टिकून चालत नाही. १९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६ करून आले, ते अजून लोक विसरलेले नाहीत. बेसबॉलमध्ये ओव्हर नाहीत. इनिंग संपते ती फक्त तीन आउट झाल्यावर. नऊ इनिंग, म्हणजे सत्तावीस आउट. घड्याळाने किंवा चेंडू मोजून डाव संपत नाही. आई बाजारात पाठवताना हातात मोजून सत्तावीस नाणी देते असं समजा. नाणं खर्च न होता पिशवीत काही पडत असेल तर ते घ्यायचं, एवढाच हिशेब. हिटने नाणं वाचतं, वॉकनेही वाचतं.

आकड्यांत बघू. धावताना आउट होणं वगैरे भानगडी बाजूला ठेवल्या, तर .३०० ओबीपीची टीम सत्तावीस आउट होईपर्यंत साधारण साडेअकरा माणसं बेसवर पाठवते. .३५० असेल तर साडेचौदा. .४०० असेल तर अठरा. म्हणजे ओबीपी शेकडा पाचने वाढला की बेसवर रोज तीन ते साडेतीन माणसं जास्त. वाढ सरळ रेषेत होत नाही, कारण प्रत्येक वाचलेला आउट पुढच्या माणसाला आणखी एक संधी देतो, आणि त्याचा वाचलेला आउट त्याच्या पुढच्याला.

२०२४ चेच दोघे घ्या. लुईस अराएझने मेजर लीगच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगमधला ॲव्हरेजचा किताब जिंकला, .३१४ ने. वॉक घेतले फक्त २४, ओबीपी .३४६. सोतोचं ॲव्हरेज .२८८, पण वॉक १२९ आणि ओबीपी .४१९. नऊच्या नऊ अराएझ खेळवले तर दर मॅचला चौदाएक जण बेसवर जातील. नऊ सोतो खेळवले तर साडेएकोणीस. सोतोच्या ४१ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट कुंपणापार गेलेले फटके, अजून मोजल्याच नाहीत.

शिवाय सोडत-सोडत खेळणारा बॅटर पिचरला दमवतो. शंभरच्या आसपास चेंडू टाकून झाले की सुरुवातीच्या चांगल्या पिचरला सहसा बाहेर काढतात. तो सहाव्या इनिंगऐवजी पाचवीतच गेला, तर पुढे बदली पिचरांचा समाचार घेता येतो. आपल्याकडे कसोटीत सलामीची जोडी नवा चेंडू जुना करून देते, तसंच.

२६२ हिट मारणारा मोठा की १३५?

२००४ साली सिॲटलच्या इचिरो सुझुकीने २६२ हिट मारल्या. एका मोसमातल्या हिटचा तो विक्रम आजही उभा आहे. ॲव्हरेज .३७२, ओबीपी .४१४. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बॉन्ड्सने हिट मारल्या फक्त १३५. पण वॉक घेतले २३२, आणि ओबीपी झाला .६०९. पाचातून तीनदा हा माणूस बेसवर!

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ही तुलना बॉन्ड्सच्या बाजूने झुकलेली आहे. त्या २३२ पैकी १२० वॉक पिचरने घाबरून मुद्दाम दिलेले होते, आणि त्याच्या त्या काळावर उत्तेजक द्रव्यांची दाट सावली आहे. इचिरोचा खेळ बघायला जास्त सुंदर, हे माझं मत. पण नाणी मोजायला बसलात तर इचिरोने ॲव्हरेजमध्ये मोजले जाणारे ४४२ आउट खर्च केले, बॉन्ड्सने २३८.

ओकलंडने काय खरेदी केलं?

हे गणित कळल्यावर त्याचा धंदा करणारी टीम म्हणजे त्या वेळची ओकलंडची ॲथलेटिक्स. २००१ च्या मोसमानंतर त्यांचे मोठे खेळाडू श्रीमंत टीमनी नेले. जेसन जिआंबी तर थेट न्यूयॉर्कच्या यांकीजकडे गेला. जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा सहकारी पॉल डीपोडेस्टा यांनी ओळखलं की बाजारात ॲव्हरेजला भाव आहे, वॉकला नाही. मग भाव नसलेलाच माल घ्यायचा. स्कॉट हॅटेबर्ग हा मूळचा कॅचर, कोपराच्या दुखापतीने त्याची फेक गेलेली. पण वाईट चेंडूला तो हात लावत नसे. त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. २००२ मध्ये त्याचं ॲव्हरेज .२८०, ओबीपी .३७४. टीमने १०३ मॅच जिंकल्या, त्यात लागोपाठ वीस, आणि विसावी जिंकून दिली हॅटेबर्गच्याच होमरनने.

यावर पुस्तक निघालं, सिनेमा आला, आणि गोष्ट जरा जास्तच गोड झाली. त्या टीमकडे हडसन, मल्डर आणि झीटो असे तीन तगडे पिचर होते. झीटोला त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान मिळाला, आणि त्यांच्याच मिगेल तेहादाला सर्वोत्तम खेळाडूचा. हे सगळे काही वॉक घेऊन आलेले नव्हते. स्वस्त संयमाने टीमला हातभार लावला, एवढंच म्हणणं रास्त. आणि तो स्वस्तपणाही टिकला नाही. सगळ्यांना कळलं की भाव चढतोच. सोतोचा करार आठवा.

"पण वॉकने मॅच कुठे जिंकता येते?"

ही शंका खरी आहे. दुसऱ्या बेसवर आपला माणूस उभा असेल, तर एक साधी हिटही त्याला बहुतेक वेळा घरी आणते. वॉकने तो जागचा हलतही नाही, कारण मधला पहिला बेस रिकामाच होता. म्हणून वॉक आणि हिट एकाच भावाने मोजू नयेत. वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून काढलेला ढोबळ भाव असा: वॉक म्हणजे सुमारे एक तृतीयांश धाव, एका बेसची हिट अर्ध्या धावेच्या जरा खाली, होमरन सुमारे एक पूर्णांक चार दशांश. म्हणजे वॉक हा साध्या हिटच्या दोन तृतीयांश. रुपयातले सदुसष्ट पैसे. जुना रकाना त्यांना शून्य पैसे म्हणत होता, भांडण तेवढ्यापुरतं आहे. ओबीपी त्यांना पूर्ण रुपया म्हणतो, तीही चूकच, पण लहान. म्हणूनच आजकाल टीम प्रत्येक फटक्याला त्याचा वेगळा भाव लावणारे आकडे वापरतात.

उलट टोकाचं उदाहरण फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरचं. २०२३ मध्ये ॲव्हरेज .१९७. जुन्या जमान्यात या आकड्यावर गाशा गुंडाळावा लागला असता. याला टीमने सर्रास सगळ्यात आधी बॅटिंगला पाठवलं. होमरन ४७, वॉक १२६, ओबीपी .३४३, आणि त्या वर्षी लीगचा सरासरी ओबीपी होता .३२०.

म्हणजे नुसतं उभं राहायचं?

नाही! इथेच लोक फसतात. लहान मुलांच्या मॅचमध्ये पिचरला नेम नसतो, तिथे खांबासारखं उभं राहूनही वॉक मिळतो. मोठ्यांत पिचरला एकदा कळलं की हा मारतच नाही, तर तो तीन सरळ चेंडू खिडकीच्या मधोमध टाकून घरी पाठवेल. चांगले पिचर वॉक देतात ते भीतीपोटी. मधे टाकला तर हा स्टेडियमबाहेर फेकेल, म्हणून ते कडेकडेने टाकतात आणि चुकतात. मारायची धमक नसेल तर सोडण्याला किंमत येत नाही.

टेड विल्यम्स या जुन्या नामांकित बॅटरने हे सगळ्यात नेमकं मांडलं. त्याने स्ट्राइक झोनची ७७ चेंडूंच्या जागांत विभागणी केली आणि प्रत्येक जागेवर आपलं ॲव्हरेज किती राहील याचा अंदाज लिहिला. मधोमध .४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. म्हणजे स्ट्राइक असला तरी प्रत्येक चेंडू आपला नसतो. हात राखून ठेवायचा, आणि आपला चेंडू आला की सोडायचा नाही.

आणि "संयम की ॲव्हरेज" हा वाद विल्यम्सपुढे हास्यास्पद वाटतो. १९४१ च्या शेवटच्या दिवशी त्याचं ॲव्हरेज .३९९५५ होतं. ते .४०० म्हणून धरलं गेलं असतं, बसून राहिला असता तर चाललं असतं. तो फिलाडेल्फियात त्या दिवशीच्या दोन्ही मॅच खेळला, आठात सहा हिट मारल्या आणि .४०६ वर थांबला. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये मोसमभर .४०० वर कोणी राहिलेलं नाही. त्याच वर्षी त्याने १४७ वॉकही घेतले. ओबीपी .५५३. वाईट चेंडू सोडले म्हणून चांगले चेंडू वाट्याला आले, आणि म्हणून ॲव्हरेजही चढलं. दोन्ही एकाच झाडाची फळं.

वाद उरतो तो फक्त दोन्हींपैकी एकच परवडत असेल तेव्हा.

ज्याला संयम परवडत नाही, त्याने काय करावं?

डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशात एक म्हण आहे: वॉक घेऊन बेटावरून बाहेर पडता येत नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरं टीमच्या माणसांपुढे दोन-चार चेंडूंपुरती उभी राहतात. चार चेंडू सोडले तर पारखणाऱ्याने वहीत काय लिहायचं? म्हणून ती मिळेल त्या चेंडूवर तुटून पडायला शिकतात. ज्या पद्धतीने पारखलं जातं, तसंच खेळायला माणूस शिकतो. सोतो याच देशातला, सांतो डोमिंगोचा. एवढी नजर घेऊन तो तिथून कसा निसटला, हे मला अजून नवलाचं वाटतं.

प्रेक्षक कंटाळतात, त्याचं काय?

कंटाळतात, आणि त्यांचं चुकत नाही. सगळे बॅटर आपल्याच चेंडूची वाट बघत मोठा फटका मारायला लागले, पिचरही जास्त वेगाने टाकू लागले, तर वॉक, होमरन आणि स्ट्राइकआउट यांतच खेळ आटपतो. क्षेत्ररक्षक उभेच. २०१८ मध्ये मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. शेवटी २०२३ मध्ये पिचरवर घड्याळ लावलं, क्षेत्ररक्षकांना एका बाजूला गोळा करण्यावर बंधनं आणली. ॲव्हरेज .२४३ वरून .२४८ झालं. फार नाही, पण मॅच लवकर संपू लागल्या.

अराएझसारख्याचं मोल मला इथे वाटतं. अख्ख्या २०२४ मध्ये तो २९ वेळाच स्ट्राइकआउट झाला. तीन वर्षांत तीन वेगळ्या टीमकडून ॲव्हरेजचा किताब. गणित त्याला सोतोच्या खाली ठेवतं, आणि ते बरोबर आहे. पण तिकीट काढून मी अराएझला बघायला जाईन.

कॅमेरा कोणाच्या बाजूने?

संयमी बॅटरचं सगळं भवितव्य आजवर अंपायरच्या नजरेवर होतं. कॅचर लोक खिडकीबाहेरचा चेंडू अलगद आत ओढून झेलतात, अंपायर फसतो, आणि बरोबर सोडलेला चेंडू स्ट्राइक ठरतो. नव्या पद्धतीत प्रत्येक टीमला दोन आव्हानं. बॅटर, पिचर किंवा कॅचर, या तिघांपैकीच कोणी द्यायचं, तेही लगेच, डोक्यावर टपली मारून. दाद बरोबर निघाली तर ती शिल्लक राहते. खिडकीची उंचीही आता बॅटरच्या उंचीवरून ठरते: वरची कड ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. आपल्या डीआरएससारखंच, फक्त कॅप्टनला विचारत बसायची मुभा नाही. ज्याला खिडकी खरोखर पाठ आहे, त्याला फायदा व्हावा असा माझा कयास आहे. पण तो पिचर आणि कॅचरनाही होईल, कारण कोपऱ्यातला खरा स्ट्राइक आता कोणी हिरावून घेऊ शकणार नाही.

परतायच्या आधीच्या शनिवारी नातवाची मॅच होती. आठ वर्षांचा गडी, हेल्मेट भुवयांवर घसरणारं. तीन बॉल, दोन स्ट्राइक. पुढचा चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, त्याची बॅट खांद्यावरून निघता-निघता राहिली. कुंपणाला टेकलेले सगळे बाप एका सुरात ओरडले, "गुड आय!" माझ्या तोंडून निघालं, "वेल लेफ्ट!"

रात्री ठाण्याला फोन लागला. आजीने पहिला प्रश्न विचारला, "मारलास का रे?"

"नाही," तो म्हणाला, "दोनदा बेसवर गेलो."

"न मारताच?"

त्याने फोन माझ्या हातात दिला.